खांब मोडले, तरी पास

लिंकन, नेब्रास्का

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आमच्या धडक-चाचणीचा व्हिडिओ बघून तुम्ही फोनवर म्हणालात, "खांब आडवे, पत्र्याचा चुराडा, म्हणजे नापासच की!" तेव्हा मी नुसतीच हसले. नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

बाबा, ती चाचणी पास झाली! क्रॅश बॅरियरचा, म्हणजे रस्त्याकडेच्या कठड्याचा, पत्रा वाकायलाच हवा. २,२७० किलोचा पिकअप ताशी १०० किलोमीटरने येऊन २५ अंशांत त्याला धडकतो. तो सगळा जोर कुठेतरी जिरायला हवा ना? कठडा हललाच नाही, तर तो जोर गाडीत बसलेल्या माणसाच्या अंगावर येतो. म्हणून खांब जमिनीतच मागे कलतात, पत्रा झोळीसारखा ताणला जातो आणि गाडी वळवून पुन्हा रस्त्याच्या दिशेने सोडतो. गाडी वरून गेली, खालून घुसली किंवा उलटली तर नापास.

आईला सांगा, गाडीत कुणी नसतं. केबलने ओढत आणतो. कप्पीची रचना अशी की ओढणारी गाडी निम्म्याच वेगाने धावते, आणि धडकेच्या आधी केबल सुटते. छोट्या, ११०० किलोच्या गाडीत मात्र एक पुतळा पट्टा बांधून बसवतात.

माझं आवडतं काम चाचणी संपल्यावर सुरू होतं. पत्रा खांबाला ज्या बोल्टने धरलेला असतो त्याचं डोकं बटणासारखं गोल, आणि पत्र्यातलं भोक लांबट खाचेचं. खांब कलायला लागला की ते डोकं खाचेतून निसटलं पाहिजे. नाही निसटलं, तर पडता खांब पत्र्यालाही खाली ओढतो आणि गाडी त्यावरून पलीकडे. गुडघ्यांवर बसून मी एकेक खाच बघते: कडा फाकल्यात का, बोल्ट आत अडकून राहिलाय का. परवा मदतीला आलेल्या नव्या पोराने विचारलं, "मजबुतीसाठी मोठा वायसर टाकू का?" टाकला असता तर भोक झाकलं गेलं असतं आणि सगळीच मजबुती अंगाशी आली असती. तुम्हीही वायसर टाकलाच असतात, मला खात्री आहे!

पास-नापासाचे नियम 'मॅश' नावाच्या पुस्तकात आहेत. ते २००९ साली आलं, २०१६ मध्ये दुसरी आवृत्ती. त्याआधी १९९३ चा 'अहवाल ३५०' चालायचा. त्यात छोटी गाडी ८२० किलोची आणि पिकअप २००० किलोचा होता. लोकांच्या गाड्या वाढल्या, तशा परीक्षेतल्याही वाढवल्या. उंच गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून आमच्या इथे तयार झालेल्या रचनेत पत्राही २७-२८ इंचांवरून ३१ इंचांवर आला. आतला माणूस गाडीच्या आतल्या भागावर किती वेगाने आपटेल, याचंही गणित असतं: सेकंदाला १२.२ मीटरच्या पुढे गेलं की नापास, ९.१ च्या आत असेल तर उत्तम.

खरी भीती कठड्याच्या टोकाची. पूर्वी पत्रा जिथे संपे तिथे नुसताच कापलेला असे, गाडीत भाल्यासारखा घुसायचा. मग तो वाकवून जमिनीत गाडायला लागले, तर त्याचाच उतार झाला आणि गाड्या त्यावर चढून उलटायला लागल्या! आता टोकाला एक लोखंडी डोकं बसवतात. गाडी समोरून आदळली की ते पत्र्यावरून मागे सरकतं आणि सरकताना पत्रा चेपत जातं. त्या चेपण्यातच गाडीचा वेग खर्ची पडतो. चाचणीनंतर तो चेपलेला पत्रा रिबिनीसारखा बाजूला पडलेला असतो. उचलायला गेले तर चांगलाच जड, आणि कडा हातमोजे कापतील अशा.

पुढच्या आठवड्यात अशाच एका टोकाची पाळी आहे, छोट्या गाडीची. सध्या त्या पुतळ्याचा पट्टा नीट बसत नाहीये, त्यातच उद्याचा दिवस जाणार. व्हिडिओ पाठवीन. आईला दाखवताना आवाज बंद ठेवा.

तुमची,
ताई