सवलत जहाजाला, मग ट्रकला का नाही?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अग्रलेखात तुम्ही सीमेवर कांदा सडण्याचा अर्धा दोष वाहतूकदारांच्या माथी मारला आहे. निर्यात धोरणाबद्दल जे लिहिलंत त्यावर माझा वाद नाही. पण पिंपळगाव बसवंतहून बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला गाडी कशी जाते हे ज्याला ठाऊक आहे, तो वाहतूकदाराला ढिला म्हणणार नाही.

बारा चाकी गाडीत साधारण २५ टन माल बसतो, म्हणजे ५० किलोच्या ५०० गोण्या. अंतर जवळपास १९०० किलोमीटर. धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, केओंझर, खडगपूर, मग कोलकाता मागे टाकून जेसोर रोडने बनगाव. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटरसुद्धा देत नाही, त्यामुळे नुसतं पोचायलाच ५०० लिटर डिझेल जातं. दोन ड्रायव्हर आलटूनपालटून चालवतात तेव्हा कुठे चार-पाच दिवसांत गाडी सीमेवर लागते.

तिथून पुढे गाडी ड्रायव्हरच्या मर्जीने हलत नाही. पश्चिम बंगाल सरकारच्या 'सुविधा' पोर्टलवर सीमा ओलांडायचा स्लॉट हवा, कस्टम एजंटाने भरलेलं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद हवा, मालाला कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हवं, पलीकडच्या आयातदाराची एलसी, म्हणजे पैशांची बँकहमी, आणि बांगलादेशच्या कृषी खात्याची आयपी, म्हणजे आयात परवाना हवा. यातले बहुतेक कागद ड्रायव्हरने किंवा गाडीमालकाने करायचे नसतात. शुक्रवारी पलीकडे सुट्टी. ईद किंवा दुर्गापूजा आली की गेट अनेक दिवस बंद. या सगळ्यात गाडी उभी राहते, आणि कांद्याला मारतं ते हे उभं राहणंच. गाडी चालती असेल तोवर जाळीच्या गोण्यांतून वारा खेळतो. थांबली की ताडपत्रीखाली ऊब धरते. डिसेंबरात बंगालमध्ये धुकं असतं. रात्री ताडपत्री टाकली नाही तर वरचा थर भिजतो, टाकली तर आत वाफ कोंडते. म्हणून ड्रायव्हर रोज ऊन आल्यावर ताडपत्री मागे घेतो, फाळका उघडतो, संध्याकाळी पुन्हा दोर आवळतो. तरीही तळाच्या गोण्यांवर वरचं सगळं वजन असतंच. तिथला कांदा दबतो, रस सुटतो आणि एका गोणीची सड शेजारच्या गोणीला लागते. हौद्याखाली पाणी टपकू लागलं की तळाचा थर गेला असं समजावं. त्यात खरिपाचा लाल कांदा पातळ सालीचा, पाणी जास्त धरणारा. उन्हाळ कांद्यासारखा तो महिनोन्‌महिने चाळीत राहत नाही, मग उभ्या गाडीत काय राहणार?

आता ज्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत ते. ७ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदीची अधिसूचना काढून वाचा. ८ तारखेपासून बंदी, आणि वाटेतल्या मालाला सवलत कोणाला? ज्या जहाजात भरणी सुरू झाली आहे त्याला. शिपिंग बिल भरलेलं असून जहाज बंदरात येऊन उभं आहे त्याला. आणि जो माल कस्टम्सच्या ताब्यात किंवा त्यांच्या आवारात नोंदीसह पोचला आहे त्याला. या मालाला ५ जानेवारी २०२४ पर्यंत मुभा होती. मग ४ डिसेंबरला पिंपळगावात भरून निघालेली आणि ८ तारखेला केओंझर-खडगपूरच्या मध्ये असलेली गाडी यातल्या कोणत्या कलमात बसते? एकाही नाही. जहाजात भरणी सुरू झाली हे पुरेसं, पण ट्रकमध्ये भरणी पूर्ण होऊन दीड हजार किलोमीटर कापले तरी ते हिशेबात नाही. सप्टेंबर २०२० च्या बंदीतही हेच झालं. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हाही तेच, कारण शुल्काचा दर कस्टम्सने निर्यातीची परवानगी दिली त्या तारखेचा धरतात, माल निघाला त्या तारखेचा नाही.

अशा गाडीने करायचं काय? कोलकात्याच्या पोस्ता बाजारात मिळेल त्या भावाने माल उतरवायचा. सगळ्या अडकलेल्या गाड्या तिथेच वळतात, त्यामुळे भाव पडलेला असतो. निर्यातदार म्हणतो सीमेपलीकडच्या बेनापोलची पोच नाही, तर उरलेलं भाडं नाही. हाल्टिंगचे, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे, पैसे तर कोणी विचारातही घेत नाही. ड्रायव्हरचा भत्ता मात्र मालकाला रोज द्यावाच लागतो.

यावर उपाय अवघड नाही. सरकारला तारीख-वेळेचा पुरावा हवा असतो, तो ट्रककडे जहाजापेक्षा जास्त आहे. वजनकाट्याची पावती, बिल्टी (माल गाडीत घेतल्याची वाहतूकदाराची पावती) आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावरची फास्टॅगची नोंद. बंदीच्या आधी भरलेली गाडी या तीन पुराव्यांवर सोडा, एवढंच अधिसूचनेत घालायचं आहे. तुमच्या अग्रलेखाने ही मागणी केली असती तर नाशिक जिल्ह्यातल्या वाहतूकदारांचं भलं झालं असतं.

आणखी एक. तुमच्या बातमीत नाशिकचे ट्रक ढाक्याला निघाल्याचं छापलं आहे. आपला ट्रक ढाक्याला जात नाही. तो सीमा ओलांडून बेनापोलच्या यार्डात माल रिकामा करतो आणि परततो, पुढे बांगलादेशी ट्रक नेतो. एकमेकांच्या गाड्या देशात येऊ देण्याचा बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांचा मोटार वाहन करार १५ जून २०१५ ला थिंपूत झाला, तरी आजही हेच चालू आहे.

बाजारभावाच्या पानावर लासलगावचा दर रोज छापता. त्याखाली पेट्रापोल, घोजाडांगा आणि महदीपूर यांपैकी कोणतं गेट कोणत्या तारखेला बंद आहे, ही एक ओळ द्या. गाडी भरायची की दोन दिवस थांबवायची, हे इथे त्यावरून ठरवता येईल.

आपला,
एक मालवाहतूकदार, पिंपळगाव बसवंत