मालक बदलता आला पाहिजे

सोलापूर
जानेवारी २०२६

प्रिय श्रीन्या,

काय बे, रागावलायस? ग्रुपवर मुद्दामच उत्तर दिलं नाही. तिथं चार ओळींत भांडण होतं आणि बोलायचं राहूनच जातं.

तुझं म्हणणं असं की एमआयडीसीत यूपी-बिहारची पोरं भरलीत, आपल्या पोरांना हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठावं लागतं, तेव्हा नोकऱ्यांत भूमिपुत्रांची ८० टक्क्यांची अट कडक राबवा. आणि हे लिहिणारा तू, न्यू जर्सीत ग्रीन कार्डच्या रांगेत! तुझे आजोबा करीमनगरकडून मागावर बसायला आले तेव्हा मराठीचा गंध नव्हता त्यांना. आज ज्या चादरीवरून सोलापूर ओळखतात, तिला तुमच्या पद्मशाली घरांचेच हात लागलेत. हरियाणानं खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता, तो २०२३ मध्ये हायकोर्टानं रद्द केला, हेही असू दे ध्यानात.

पण तुझी तक्रार मी उडवून लावत नाही. ऑर्लँडोत २०१५ साली डिस्नेनं अडीचशेच्या आसपास आयटीवाले कमी केले. त्यांतल्या अनेकांना जाण्याआधी, आपल्या जागी एच-वन-बीवर, म्हणजे तुझ्यासारख्या कामाच्या व्हिसावर, आलेल्यांना काम शिकवावं लागलं. त्यांनी आपल्याला ओवाळावं काय? राग रास्तच आहे. फक्त तो येणाऱ्यावर निघतो, आणि येणारा स्वस्त का पडतो ते कुणी विचारत नाही.

तुझ्या आजी आठव. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापानं तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा, तोंड दुमडायचं. माल द्यायला गेल्या की तिथला माणूस त्यातल्या मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला सारायचा. त्याचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. आजी गल्लीत शिरल्यावर तेलुगूत त्याचा उद्धार करायच्या, समोर मात्र गप्प. कारण दुसऱ्या कारखान्यात नाव लागणं सोपं नव्हतं. तुझ्या व्हिसाचं तेच आहे. नोकरी गेली की नवी शोधायला ६० दिवस. बदलता येते, पण नवा मालक अर्ज भरायला तयार हवा. असा माणूस पगारवाढ काय मागणार? मग शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्याचाही पगार दबतो.

आणि रांग! नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यांत एका देशाला ७ टक्क्यांच्या आसपास. भारत असो की आइसलँड, माप एकच. वर गेल्या सप्टेंबरात ट्रम्पसाहेबांनी बाहेरून येणाऱ्या एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर लावले. त्यानं दार लहान झालं, आत बसलेल्याची दोरी सैल झाली नाही. माझ्या हातात असतं तर मी फी सोडून पगाराची पातळी वर नेली असती, आणि माणसाला मालक बदलायची पूर्ण मोकळीक दिली असती. इथल्या बिहारी पोरांचंही तेच. त्यांना किमान वेतन, पीएफ द्यायला लावा, मग बघू कोण किती स्वस्त पडतो.

अस्मितेचं म्हणशील, तर तुझ्या त्या देशानंच आपलं मत किती वेळा फिरवलं बघ. १९२३ मध्ये त्यांच्याच सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंडला कोर्टानं नागरिकत्व नाकारलं, का तर तो गोरा नाही. १९४६ मध्ये भारतीयांना दार उघडलं, वर्षाला शंभर जणांपुरतं. १९६५ मध्ये मूळ देश पाहून वाटा ठरवायची ती पद्धतच मोडली. आपल्याकडे गड्डा भरलाय, सिद्धरामेश्वरांची जत्रा. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडात आहेत म्हणून कुणाचं मराठीपण कमी झालेलं मी पाहिलं नाही. (आमचे शेजारी सोडून. त्यांचं दर निवडणुकीला कमी होतं.)

आता मुख्य. वकील येऊ नको म्हणत असेल तर येऊ नकोस. डिसेंबरात इथल्या व्हिसाच्या मुलाखती पुढे ढकलल्या आणि पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला आलेले किती तरी जण अडकून पडले. काकूंना मी समजावतो, पण तिकीट रद्द केल्याचं तू स्वतः फोनवर सांग. माझ्याकडून कळलं तर दोघांनाही बोलणी बसतील.

तुझा,
दत्ता