कलेला नसतील, चित्रकाराला आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘कलेला सीमा नसतात’ हा लेख वाचला. आपले कलावंत निव्वळ जिद्दीच्या बळावर परदेशी पोचले, असा त्याचा सूर. लेखकमहाशयांना एकदा व्हिसाच्या रांगेत उभं करा, एवढीच नम्र सूचना.

चित्रकार सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, शिल्पकार बाकरे १९५१ मध्ये. प्रतिभा होतीच, पण दारही उघडं होतं. ब्रिटनमध्ये राहून काम करायला भारतीयांना १९६२ चा कायदा येईपर्यंत परवाना लागत नसे. लेखात याचा उल्लेखही नाही. जिद्द, जिद्द आणि जिद्द!

जिद्द माझ्याकडेही होती, सॅलरी स्लिप नव्हती. युरोपातल्या एका समूह प्रदर्शनासाठी माझी चित्रं निवडली गेली. निमंत्रण, विमा, बँकेचं स्टेटमेंट, घराची कागदपत्रं, सगळं जोडलं. तरी व्हिसाला नकार. कारण काय, तर मी परत येईन याची खात्री पटत नाही. वयाची साठी उलटलेला, मिरजेत स्वतःचं घर असलेला माणूस तिकडे जाऊन काय भांडी घासणार होता? चित्रं मात्र खोक्यात बसून आधीच पोचली होती. उद्घाटनाचे फोटो मोबाइलवर पाहिले, त्यात माझं एक उभं चित्र आडवं टांगलेलं. फोन करून सांगेपर्यंत आठवडा गेला. परत येताना ती कस्टम्समध्ये अडकली, आणि तिथल्या साहेबांनी मीच काढलेल्या चित्रांची खरेदीची पावती मागितली!

आपलं सरकारही काही कमी नाही. रशियात जन्मलेले चित्रकार रोरिक कुलूत स्थायिक झाले. त्यांची इथली चित्रं आज राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर विकता येत नाहीत. छान आहे. आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन २०११ मध्ये लंडनला वारले ते कतारचे नागरिक म्हणून. तेव्हा त्यांच्यावर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी सीमांबद्दल जरा जपून बोलावं.

जाता जाता : बाकरे लंडनहून परतले आणि दापोलीजवळ मुरूडला राहिले, २००७ मध्ये तिथेच वारले. प्रोग्रेसिव्ह ग्रुप या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांमधला हा एकमेव शिल्पकार, तुमच्या लेखात त्याचं नावसुद्धा नाही. नाशिक-सांगलीकडच्या प्रदर्शनांच्या बातम्याही तुम्ही हल्ली छापत नाही. आमच्यासाठी मुंबईचीही सीमाच झाली म्हणायची. गेल्या महिन्यात पाठवलेली माझी बातमी मिळाली का, तेवढं कळवावं.

आपला,
एक चित्रकार, मिरज