मोतीबागच्या टर्नर काकाजींना, आपल्या पाइप बेंडरबद्दल

आदरणीय काकाजी,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काटोलला जायचे ट्रॅक्टरचे हुड, म्हणजे चालकाच्या डोक्यावरच्या छताचे पाइपाचे सांगाडे, परवा टेम्पोत चढले. त्यातले सगळे पाइप आपल्या बेंडरवर, तुमच्या हाताखाली बनलेल्या पाइप वळवायच्या मशीनवर, वळलेले. घ्यायला आलेल्या माणसाने प्रत्येक बेंडवरून हात फिरवला, कुठे चपटं लागतं का ते पाहिलं, आणि पुढच्या हंगामाचं काम तिथेच सांगून गेला. तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) मागता आणि कामाचं बोलू लागता. म्हणून पत्र लिहितो आहे.

उघडं पत्र लिहिण्यालाही कारण आहे. हिंगणा रोडला, वाडीला, कामठी रोडला माझ्यासारखे कितीतरी फॅब्रिकेटर एका शेडमध्ये दोन-तीन पोरं घेऊन काम करतात. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही हाती पडावं असं मला फार वाटतं. नाव लिहू नको म्हणालात, ते लिहिलेलं नाही.

लोहाओळीत बोल्टच्या दुकानात आपली ओळख झाली तेव्हा आमच्याकडे पाइप रेती भरूनच वळत होते. रेती चाळायची, भाजून खडखडीत कोरडी करायची, पाइपात ठोकून ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे मारायचे आणि गॅसच्या टॉर्चने लाल करून साच्याभोवती ओढायचं. रेतीत जराशी ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि गुट्टा जोरात सुटून येतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, टॉर्चपुढे उभ्या राहणाऱ्या पोरांकडे पाहून माझा जीव कासावीस व्हायचा. एवढं करून डावा बेंड उजव्यासारखा येईलच याची खात्री नव्हती.

त्यावर मी बाजारातला तयार हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, बेंडर घ्यायचं म्हणत होतो. तोच, ज्यात दोन बाजूंना दोन रोलर असतात आणि मधून जॅक फॉर्मरला, म्हणजे गोलाईच्या ठोकळ्याला, पाइपावर ढकलतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "पैसे देशीन तं देजो, पण आधी पाइपाचा तुकडा घेऊन घरी ये."

त्या संध्याकाळी तुम्ही तुमच्या अंगणातल्या पपईचे थोडे कोमेजलेले दोन देठ काढून आणले. एक देठ दोन विटांवर टेकवून मध्ये अंगठा दाबलात, तो तिथेच चेपून बसला. दुसरा बाटलीभोवती धरलात, दोन्ही कडांनी बोटं लावलीत आणि बाटली हळूहळू फिरवलीत. तो गोलाई घेत आला. "पाह्य बाबू, मोकळा सोडला का पोकळ वस्तू बसतेच. बाजूनं धरला का त्याले पसराले जागाच नाही भेटत." हायड्रॉलिकच्या जोराबद्दल मी तोवर बराच विचार केला होता. पाइपाला धरायचं कसं, हा प्रश्न मात्र तुम्ही पहिल्यांदा माझ्यापुढे ठेवलात, आणि पुढचं सगळं मशीन त्याच प्रश्नातून उभं राहिलं.

बाजारातल्या त्या बेंडरला तुम्ही वाईट म्हणाला नाहीत, हेही सांगायला हवं. नळाचा जाड भिंतीचा, आयएस १२३९ या भारतीय मानकाचा पाइप त्यावर चांगला वळतो, तो त्याच कामासाठी आहे. आमचा माल वेगळा, बाहेरून ३२ मिमी, भिंत २ मिमीची ईआरडब्ल्यू ट्यूब, म्हणजे पत्रा गोल करून शिवणीवर विजेने वेल्ड केलेली. वळताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि दोन्ही बाजू मध्याकडे सरकायला बघतात. पातळ भिंतीला तेव्हा आधार नसला की गोल पाइप अंडाकृती होतो. म्हणून आपल्याला फिरणारी डाय, म्हणजे कडेला खाच असलेली चकती, हवी होती. पाइप डायला एका टोकाशी कड्याने बांधायचा, डाय फिरवायची आणि डायच्या समोरून फॉलोअर ब्लॉकने, म्हणजे दाबून धरणाऱ्या ठोकळ्याने, पाइपाला खाचेत दाबून ठेवायचं. म्हणजे जिथे वळण पडतं नेमकं तिथेच तो चारी बाजूंनी धरलेला असतो.

मग तुम्ही माप घ्यायला बसवलंत. नळाचा एक इंची पाइप बाहेरून ३३.७ मिमी भरतो आणि एक इंची ट्यूब २५.४. एकाची डाय दुसऱ्याला चालत नाही. शेडमध्ये वापरतो त्या प्रत्येक मालाचा तुकडा तुम्ही मागवलात, व्हर्नियर लावलात आणि आकडा तुकड्यावरच खडूने लिहायला लावलात. वळणाची त्रिज्या पाइपाच्या मध्यरेषेपासून ११० मिमी ठरवलीत, म्हणजे व्यासाच्या जवळजवळ साडेतीन पट. त्याने बाहेरची भिंत २ मिमीवरून साधारण पावणेदोनवर येते, आणि हुडाच्या कामाला ते चालतं. त्याहून आखूड वळण हवं असेल तर पाइपाच्या आत मॅन्ड्रेल, म्हणजे आतून आधार देणारा दांडा, घालावा लागेल आणि ते आपल्या शेडचं काम नव्हे, हेही तुम्ही तेव्हाच स्पष्ट केलंत.

डायचं काम मी कधीच विसरणार नाही. ४५ मिमी प्लेटमधून गॅसने कापलेली चकती, चौदा किलोच्या आसपासची. तिला लेथच्या फोर-जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये धरून डायल गेज लावून नेमकी मध्यावर आणण्यातच तुम्ही जो वेळ घेतलात, तो पाहून आमची पोरं गप्प झाली. गॅसने कापलेल्या कडेला कडक साल येते, तिच्याखाली पहिलाच काट गेला पाहिजे, नाहीतर टूल वरवर घासत राहून मरतं. हे सांगताना तुम्ही आवाज चढवला नाहीत, फक्त एका पोराच्या हाताखाली तुमचा हात ठेवून काट घेतलात.

बाहेरचा व्यास २२० मिमी झाला. आता त्यात अर्धगोल खाच, खोली १६.१ मिमी, म्हणजे पाइपाच्या त्रिज्येपेक्षा केसभर जास्त. जास्त सैल ठेवली तर पाइप तेवढाच पसरतो. एवढ्या रुंद खाचेत थेट फॉर्म टूल, म्हणजे खाचेच्याच आकाराचं टूल, घातलं असतं तर आमचं लेथ चॅटर मारत, थरथरत बसलं असतं. तुम्ही वहीच्या पानावर तक्ता मांडलात. मध्यावर खोली १६.१. मध्यापासून ४ मिमीवर १५.६. ८ मिमीवर १४. १२ मिमीवर १०.७. त्या आकड्यांनी पार्टिंग टूलने, म्हणजे अरुंद पात्याच्या टूलने, आधी पायऱ्या काढल्यात, बहुतेक सगळं लोखंड तिथेच निघून गेलं. मग बॅक गिअर (लेथचा वेग कमी करणारा गिअर) टाकून, सगळ्यात कमी फेऱ्यांवर, फॉर्म टूलने फक्त त्या पायऱ्यांचे कोपरे खरवडलेत. पत्र्याचं टेम्प्लेट (नमुना) खाचेत बसवून मागून उजेडाची बॅटरी धरायला लावलीत. उजेड दिसेल तिथे अजून काम बाकी. शेवटी कुठेच उजेड दिसेना, तेव्हा तुम्ही खाचेला बोट लावलंत आणि "हं" म्हणालात. मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात नॅरोगेजच्या गाड्यांसाठी जन्मभर जी सफाई सांभाळलीत, तीच सफाई ट्रॅक्टरच्या हुडाच्या डायला दिलीत. तो तक्ता मी लॅमिनेट करून लेथजवळ लावला आहे. वर्गमूळ काढता येणाऱ्या कुणालाही तो कोणत्याही मापासाठी करता येतो. त्रिज्येचा वर्ग, त्यातून अंतराचा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ म्हणजे खोली.

फॉलोअर ब्लॉक तुम्ही बिडाचा, ओतीव लोखंडाचा, करायला सांगितलात. बिडात ग्राफाइट असतो, पाइप त्यावरून घसरताना चावत नाही, वर ग्रीस लावलं की झालं.

फ्रेमचं थोडक्यात सांगतो. वर आणि खाली १६ मिमीच्या प्लेटा, मध्ये डाय, सगळ्या पिना ईएन-८ या मजबूत पोलादाच्या. पिन एकाच प्लेटमध्ये अडकवली तर लोडखाली ती कलते आणि भोक लांबट होतं. दोन्हीकडून धरली की सरळ राहते. दोन्ही प्लेटा एकमेकींवर टॅक मारून (वेल्डचे ठिपके देऊन) एकत्रच ड्रिल करायला लावल्यात, मग रीमरने भोकं नेमक्या मापाची. आज पिना हाताने जातात, हातोडा लागत नाही.

सिलिंडरचा हिशेब तुम्ही शेडच्या फरशीवर खडूने केलात. डायच्या मध्यापासून सिलिंडरच्या पिनेपर्यंत २०० मिमी, सिलिंडरचा स्ट्रोकही (दांड्याची एका वेळची सरक) २०० मिमी, मग समभुज त्रिकोण पडतो आणि एका स्ट्रोकला साधारण ६० अंश मिळतात. त्याहून जास्त हवं असेल तर पिन काढून पुढच्या भोकात. दहावीत भूमितीला घाबरणारा आमचा एक पोरगा तो त्रिकोण पाहून म्हणाला, "मंग ९० साठी दीड स्ट्रोक!" तुम्ही त्याच्याकडे जसं पाहिलंत, तसं त्याच्या गुरुजींनी कधी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

जोराच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ५० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंमी. १०० बार दाबाला तो दोन टन ढकलतो. आमचा पॉवर पॅक, म्हणजे तेलाला दाब देणारा पंप-टाकीचा संच, त्याच्याही पुढे जाऊ शकतो. पण २ मिमीच्या ट्यूबला एवढं लागतच नाही, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह, जादा दाब सोडणारी झडप, तुम्ही ७० बारवर बांधलात. काही अडकलं तर तेल टाकीत परत जाईल, प्लेट किंवा पिन तुटून कुणाच्या अंगावर येणार नाही. मोठं मशीन म्हणजे जास्त दाब, असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि तेल. पहिल्यांदा पॉवर पॅक सुरू करण्याआधी तुम्ही सगळ्या पोरांना ओळीने उभं केलंत. होजला (तेलाच्या रबरी नळीला) सुईएवढं छिद्र पडलं तरी त्यातून येणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी लागल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत तेल पसरलं तर बोट, हात जाऊ शकतो. लीक हाताने शोधायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. धार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्याच क्षणी दवाखाना, आणि डॉक्टरला हायड्रॉलिक तेल म्हणून सांगायचं. नट घट्ट करायचा असेल तर आधी पॅक बंद, मग लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडायचा. तुम्ही हे सगळं प्रत्येकाकडून म्हणून घेतलंत. माझ्या शेडमध्ये काम करणाऱ्या पोरांच्या आयांच्या वतीने, काकाजी, याच्यासाठी तुमचे वेगळे आभार.

वळवण्याची कला पोरांनीच उचलली. ईआरडब्ल्यूची शिवण बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला न ठेवता कडेला, जिथे ना ताण ना दाब, तिथे ठेवायची. दाब सोडला की पाइप दोन-चार अंश मागे येतो, म्हणून तेवढं पुढे जाऊन थांबायचं. नवा गठ्ठा आला की पहिल्या तुकड्यावर ते मागे येणं मोजून भिंतीवर लिहायचं, कारण प्रत्येक मालाचं वेगळं असतं. कटिंगसाठी तुम्ही दिलेला आकडा तर आता सगळ्यांना पाठ आहे. काटकोनी बेंडला मध्यरेषेवर कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापं मिळवायची आणि त्यातून ४७ मिमी वजा करायचे. दोन बाजूंचे ११०-११० मिळून २२० होतात, वळणाची खरी लांबी १७३. पूर्वी पाइप लांब कापून नंतर ग्राइंडर मारायचो, तो भंगाराचा ढीग आता दिसत नाही.

काकूंनाही नमस्कार सांगा. भर उन्हाळ्यात दुपारभर तुम्ही आमच्याकडे असायचात आणि संध्याकाळी तुम्हाला सोडायला आलो की त्या मलाच पन्हं द्यायच्या. तुम्ही मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत. त्याऐवजी जे मागितलंत ते मी पाळतो आहे. दर शनिवारी दुपारनंतर शेजारच्या शेडमधली पोरं लेथवर येतात, स्वतःचे तुकडे आणतात, माप घेतात. रेती भरून वळवणाऱ्या एका भावाची डाय आता आपल्याच तक्त्यावर तयार होते आहे.

एक काम अजून तुमच्याकडे आहे. २५.४ च्या ट्यूबसाठी चकती कापून आणली आहे. वळणाची त्रिज्या मी ९० मिमी धरली आहे, खाचेची खोली १२.८, आणि पायऱ्यांचा तक्ता या पत्रासोबत पाठवतो आहे. चकमध्ये धरण्याआधी तो एकदा नजरेखालून घाला. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी गाडी घेऊन येतो.

तुमचा,
हिंगणा रोडचा फॅब्रिकेटर आणि शेडमधली सगळी पोरं