श्रीवर्धनला, दिगूस

दादर, शुक्रवार, रात्र

प्रिय दिगू,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, रागावला असशील. माझी साखर ठीक, हिचा गुडघा तसाच. पण हे तुलाच सांगायचंय. ३ जून २०२० ला, निसर्ग वादळात, माजघरात बसून तू छपराचे पत्रे उडताना ऐकलेत.

मंगळवारी साडेअकराला भाजी घेत होतो. मनूचा फोन. तिकडे अमेरिकेत रात्रीचा एक. "बाबा, सायरन वाजतोय. न्हाणीघरात बसलेय, डोक्यावर गादी घेतलीय." आणि फोन तुटला. चाळीस मिनिटं मेथीची जुडी हातात धरून फुटपाथवर उभा होतो रे. वादळ लांबून गेलं. पोरगी धड आहे.

ती ओक्लाहोमातून अलाबामाला गेली तेव्हा मी तुला पेढे पाठवले होते. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का हा टोर्नेडोंचा, म्हणजे ढगातून सोंडेसारख्या जमिनीवर उतरणाऱ्या वावटळींचा पट्टा, त्यातून सुटली म्हणून! आता रात्ररात्र नकाशे बघतोय. मेक्सिकोच्या आखातावरून उबदार दमट हवा येते, वर कोरडी थंड हवा असते, त्यात उंचीगणिक वाऱ्याची दिशा नि वेग बदलतो, मग अख्खा ढगच गरगरायला लागतो. हे दक्षिणेत, अलाबामातही होतं. कॅन्ससच्या सपाटीवर सोंड लांबून दिसते तरी. मनूकडे झाडं, टेकड्या, आणि पुष्कळदा ती येते रात्री. २७ एप्रिल २०११ ला एकट्या अलाबामात दोनशेहून जास्त माणसं गेली. तिच्या टस्कलूसा गावातूनच एक सोंड गेली होती. आपल्या निसर्ग वादळाची खबर आदल्या दिवशी तरी होती. तिथे सायरननंतर हातात बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं.

मी म्हटलं, परत ये. तर म्हणते, "दिगूकाकालाही तू हेच म्हणाला होतास." पोफळी आडव्या झाल्या तेव्हा दादरला ये म्हणून मी भांडलो आणि तू आठ महिने बोलला नाहीस. तेव्हा तू बरोबर होतास हे मी अजून कबूल करत नाही. पण तिला फोन कर. परत ये म्हणू नकोस, तू म्हणणारही नाहीस. घर बदलताना तळघर, नाहीतर खिडकी नसलेली आतली खोली बघ म्हणावं. फोन उशाशी, बूट पलंगाखाली. त्या दिवशी तू काचांवरून अनवाणी चाललास, ते सांग. माझं ऐकत नाही. तुझा आवाज तर सायरनच्या वर जातो.

नव्या पोफळींना सुपारी धरली का? वहिनींना नमस्कार. फोन संध्याकाळी साडेसातला कर, तेव्हा तिकडे सकाळचे नऊ असतात.

तुझा,
वसंता