झडीत बॅटरी टिकवायची तर ड्रायव्हर तपासा

संपादक महोदय,
स.न.

मेळघाटात झड लागली की सौर बॅटरीवरची हवामान यंत्रे बंद पडू लागतात. प्रत्येक वेळी मोठी बॅटरी सुचवली जाते, ते आम्हाला पटत नाही. यंत्रातला लिनक्सवरचा संगणक चालू असतानाच त्याला जोडलेले रिकामे उपकरण झोपवण्याची, म्हणजे त्याची वीज वाचवण्याची, सामाईक सोय लिनक्स कर्नलमध्ये (त्या प्रणालीच्या गाभ्यात) २००९ च्या २.६.३२ आवृत्तीपासून आहे. ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती वापरायला हवी.

काम सुरू करताना ड्रायव्हरने वापर-गणना (उपकरण सध्या किती कामांना हवे आहे तो आकडा) वाढवायची, संपल्यावर घटवायची. शून्य झाली की ठरलेल्या विलंबाने उपकरण झोपते. घोळ होतो तो त्रुटी हाताळताना. उपकरण जागे करणारे 'पीएम_रनटाइम_गेट_सिंक' हे कर्नलचे फंक्शन अपयशी ठरले तरी गणना वाढवून ठेवते. ती उतरवली नाही तर उपकरण पुन्हा झोपतच नाही. त्याऐवजी 'पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट' वापरावे, ते अपयशात गणना पूर्ववत करते. झोपलेल्या उपकरणाचे रजिस्टर (त्याच्या आतली माहितीची जागा) वाचणे तर त्याहून वाईट, अख्खे यंत्र गोठू शकते.

सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरात 'कंट्रोल' ही फाइल असते. तिथे 'ऑन' असेल तर 'ऑटो' लिहा आणि काम नसताना 'रनटाइम_स्टेटस' 'सस्पेंडेड' दाखवते का ते पाहा. ग्रामपंचायतींनी देयक मंजूर करण्याआधी पुरवठादाराकडून ही तपासणी समोर करून घ्यावी.

आपले,
काही वाचक, धारणी (जि. अमरावती)