मों व्हाँतू चढायचाय? आधी गिअर बघा

मा. संपादक,

फ्रान्समधल्या मों व्हाँतू या डोंगरावर सायकल चढवायची म्हटली की हौशी मंडळी महिनोन्महिने दम वाढवतात, गिअर मात्र सपाटीचेच ठेवतात. बेद्वँ गावाकडून चढ सुमारे २१ किमी, चढायची उंची साधारण १,६०० मीटर. पहिले पाच-सहा किमी सोपे; नेमकी तिथेच ताकद उधळली जाते. सँ-एस्तेव्हच्या वळणानंतर जंगलात नऊ-दहा टक्के चढ लागतो, तो शाले रेनार या उपाहारगृहापर्यंत फारशी उसंत देत नाही.

पुढे पेडलच्या चकतीला ३४ आणि मागे चाकाच्या चकतीला २८ दाते असतील, तर मिनिटाला पेडलचे ६० फेरे टिकवायला ताशी ९ किमीहून जास्त वेग लागतो. तो झेपला नाही की फेरे ४० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर. मागे ३४ दाते लावा. तेच ६० फेरे ताशी साडेसात किमीला जमतात. मात्र डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची) केज, म्हणजे चेन ताणून धरणारी खालची पट्टी, आखूड असेल तर त्याला एवढी चकती बहुधा पेलत नाही, चेनही लांब लागते. जुनीच ठेवलीत तर पुढच्या-मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांच्या जोडीवर ती ताणून डिरेलर मोडू शकतो.

शेवटचे सहा किमी बोडके, वाऱ्याच्या तोंडी. विंडचीटर हवाच, तोही उतारासाठी: घामेजलेलं अंग गारठलं की बोटांनी ब्रेक दाबला जात नाही.

— एक सायकलस्वार वाचक